मुलाचा वाटा किती?

1 सप्टेंबर 2015 या दिवशी नागपुरातल्या एका मुलाचा महिन्याचा खर्च दुप्पट झाला. आदल्या दिवसापर्यंत 5,000 रुपये, त्या दिवसापासून 10,000. मूल तेव्हा तीन वर्षांचंही नव्हतं. आई-वडील वेगळे राहत होते आणि तिथल्या कौटुंबिक न्यायालयाने 24 ऑगस्टच्या हुकमात मुलासाठी दोन आकडे लिहिले होते. सप्टेंबर 2013 पासून ऑगस्ट 2015 अखेरपर्यंत एक, आणि तिथून पुढे दुसरा.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात या हुकमाचा तपशील वाचताना माझी नजर त्या दोन आकड्यांवरच थांबली. पाळण्यातल्या बाळाला लागतं ते वेगळं आणि बालवाडीच्या वयाच्या मुलाला लागतं ते वेगळं, हे कुठल्याही आजीला ठाऊक असतं. पण तेच सरकारी कागदावर तारखेसकट उतरलेलं दिसलं की नवल वाटतं. मूल वाढतं, याची दखल न्यायालयाच्या शाईने घेतली होती.

हे प्रकरण पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं, तिथून दिल्लीला गेलं, आणि 4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर जो निकाल दिला त्याप्रमाणे आज देशभरातले पोटगीचे अर्ज चालवायचे असतात. त्या निकालाकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक साधा प्रश्न सोडवायला हवा. 5,000 का? 10,000 का? घर एक होतं तोवर ज्या मुलाचा खर्च कुणी कधी वेगळा मोजला नव्हता, तो घराची दोन घरं झाल्यावर नेमका किती निघतो? या एका आकड्याच्या शोधात माणसांनी दीडशे वर्षं डोकं चालवलं आहे, आणि ती गोष्ट कुठल्याही वैज्ञानिक शोधाइतकीच विलक्षण आहे.

आधी शब्द पाहू. आपल्याकडे या पैशाला एकच नाव नाही. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसलेल्या बायका ‘खावटीची तारीख आहे’ असं म्हणतात. जुन्या दस्तऐवजांत आणि वकिलांच्या बोलण्यात ‘अन्नवस्त्र’ हा शब्द येतो. वर्तमानपत्रात आणि शहरात ‘पोटगी’. अधिनियमांच्या मराठीत ‘निर्वाह’. खावटी तोंडातल्या घासापाशी थांबते, पोटगी पोटापाशी, अन्नवस्त्र अंगावरच्या कपड्यापर्यंत येतं. मात्र 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने ‘निर्वाह’ या शब्दाची व्याख्या करताना अन्न, वस्त्र आणि निवारा यांच्या पुढे जाऊन शिक्षण आणि औषधोपचारही त्यात घातले, आणि अविवाहित मुलीच्या बाबतीत तिच्या लग्नाचा वाजवी खर्चही. म्हणजे शाळेची फी, दप्तर, रिक्षावाल्या काकांचे महिन्याचे पैसे, चष्मा, दाताला लावायची तार, हे सगळं कायद्याच्या नजरेत पोटगीच आहे. ‘पोटापुरतं देतो की’ असं म्हणणाऱ्या माणसाने शब्द ऐकला आहे, कायदा वाचलेला नाही.

आता कायदा कुठे ठेवला आहे ते पाहा. मुलाच्या दुधाचा हा पैसा वर्षानुवर्षं फौजदारी प्रक्रिया संहितेत राहत आला आहे. 1973 च्या संहितेत पोटगीच्या प्रकरणाच्या आधी शांतता राखण्यासाठी जामीन घेण्याचं प्रकरण होतं, आणि नंतर बेकायदा जमाव पांगवण्याचं. या शेजारामागे इतिहास आहे. इंग्रजी अमदानीत 1872 ची संहिता ज्यांनी मार्गी लावली त्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या दृष्टीने या तरतुदीचा हेतू भटकेपणाला आणि त्याच्या परिणामांना आळा घालणं हा होता. टाकून दिलेली बायको आणि मूल रस्त्यावर आले तर शांतता बिघडेल, म्हणून बापाने पैसे द्यावेत. त्या कलमाने मुलाकडे रस्त्याच्या बाजूने पाहिलं होतं, घराच्या बाजूने पाहिलंच नव्हतं.

म्हणूनच रकमेला टोपण होतं. 1898 च्या संहितेच्या कलम 488 मध्ये महिन्याला जास्तीत जास्त 50 रुपये. 1923 मध्ये 100. 1955 मध्ये 500. पुढे 1973 ची नवी संहिता आली, कलम 125 झालं, पण 500 चा आकडा तसाच राहिला. 1955 साली 500 रुपये हा चांगला पगार होता. 1995 साली तेवढ्यात मुलाचे शाळेचे बूट आणि वह्या आल्या तर नशीब. महाराष्ट्राने 1999 मध्ये स्वतःपुरती दुरुस्ती करून मर्यादा 1,500 वर नेली, आणि अखेर 2001 मध्ये संसदेने ती देशभरासाठी काढूनच टाकली. एकाच आकड्याखाली सेहेचाळीस वर्षांत किती मुलं लहानाची मोठी झाली असतील, याचा विचार केला की जीव कळवळतो.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुनं कलम 125 नव्या कायद्यात 144 झालं. ‘एकशे चव्वेचाळीस लागलं’ म्हटलं की आपल्याला जमावबंदी आठवते, पोलिसांची गाडी आठवते. आता त्या क्रमांकावर मूल बसलं आहे. वकिलांना सवय व्हायला वेळ लागेल, पण मला हा बदल फार आवडतो.

फौजदारी कायद्यातल्या या जागेने मुलांचा एक फायदा मात्र केला. हे कलम धर्म विचारत नाही. आई-वडिलांचं लग्न झालं होतं की नाही, हेही मुलाच्या बाबतीत विचारत नाही. औरस आणि अनौरस ही दोन्ही मुलं त्यात पहिल्यापासून शेजारी-शेजारी आहेत. 1986 च्या मुस्लीम महिलांसंबंधीच्या कायद्यात आईला मुलासाठी दोन वर्षांपुरती तरतूद आहे, म्हणून बापाची जबाबदारी तिथेच संपते का, असा प्रश्न 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने सांगितलं की आईचा हक्क वेगळा आणि मुलाचा हक्क वेगळा. मुलाचा हक्क त्याच्या स्वतःच्या पायावर उभा आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आणि आता तो मोजणीचा प्रश्न.

एका घरात दोन माणसं राहतात. तिसरं येतं. भाडं तेवढंच राहतं, दिवा तोच, पंखा तोच. दिव्याच्या उजेडातला किती उजेड मुलाचा? आमटीच्या पातेल्यातली किती वाटी त्याची? कपडे, दूध, औषधं वेगळी लिहिता येतील, पण घराचा मोठा खर्च सगळ्यांचा मिळून असतो आणि त्यावर कुणाचं नाव नसतं. मुलाचा खर्च सरळ मोजताच येत नाही. तो वळसा घालून शोधावा लागतो.

पहिला वळसा घातला अर्न्स्ट एंगेल या सॅक्सनीतल्या संख्याशास्त्रज्ञाने. 1857 मध्ये बेल्जियमच्या कामगारांच्या घरखर्चाच्या वह्या चाळताना त्याला दिसलं की घर जितकं गरीब, तितका मिळकतीतला अन्नावर जाणारा हिस्सा मोठा. आज हे आपल्याला उघड वाटतं, पण उघड गोष्ट आकड्यात पकडणं यालाच तर शास्त्र म्हणतात. यावरून पुढच्यांनी एक तराजू बनवला. ज्या दोन घरांचा अन्नावरचा हिस्सा सारखा, ती दोन घरं सारख्या सुस्थितीत आहेत असं धरायचं. समजा, एक जोडपं महिना 20,000 खर्च करतं आणि त्यातले 8,000 अन्नावर जातात, म्हणजे 40 टक्के. मूल झालं. तेवढ्याच पैशात आता 9,500 अन्नावर जाऊ लागले. हिस्सा साडेसत्तेचाळीस टक्के, म्हणजे घर पूर्वीपेक्षा ओढगस्तीत आलं. समजा, त्यांची मिळकत 26,000 झाली तेव्हा अन्नाचा हिस्सा परत 40 टक्क्यांवर आला. मग मुलाचा खर्च 6,000. दिव्याचा उजेड न मोजता, आमटी न मापता, आकडा हाती आला.

हाच एंगेल पुढे आणखी एका कल्पनेत शिरला, आणि ती मला त्याच्या प्रसिद्ध नियमाहून लोभस वाटते. त्याने माणूस मोजण्याचं एक एकक तयार केलं आणि केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला ‘केत’ म्हटलं. नुकतं जन्मलेलं बाळ म्हणजे एक केत. दर वाढदिवसाला त्यात एक दशांश मिळवायचा. दहा वर्षांचं मूल दोन केत. मुलगी विसाव्या वर्षी तीन केतवर थांबते, मुलगा पंचविसाव्या वर्षी साडेतीनवर. मुलगा-मुलगी यांतला फरक आज कुणी मान्य करणार नाही. पण वाढदिवसाच्या मेणबत्तीबरोबर खर्चाचा दशांश चढत जातो ही दृष्टी पाहा. नागपूरच्या हुकमातले दोन आकडे याच दिशेने पाहत होते.

एंगेलच्या तराजूत मात्र खोट आहे. लहान मूल खातं जास्त आणि बाकी खर्च त्या मानाने कमी करतं, त्यामुळे घराला भरपाई पूर्ण मिळाली तरी अन्नाचा हिस्सा थोडा चढाच राहणार. हा तराजू मुलाला जरा जड दाखवतो.

दुसरा वळसा 1943 चा. एर्विन रोटबार्ट हा जर्मनीतून आलेला निर्वासित ज्यू अर्थशास्त्रज्ञ केंब्रिजमध्ये काम करत होता. युद्धकाळातल्या खर्चाविषयीच्या दुसऱ्याच एका लेखकाच्या पुस्तकाला जोडलेल्या छोट्या टिपणात त्याने आपली पद्धत मांडली. पुढच्याच वर्षी तो ब्रिटिश सैन्यात लढताना मारला गेला. वय जेमतेम एकतीस. त्याची कल्पना अशी: मुलाकडे पाहूच नका, मोठ्यांकडे पाहा. घरात काही वस्तू अशा असतात ज्या मूल वापरतच नाही. बापाचं पान-तंबाखू, आईची साडी, दोघांची नाटकाची तिकिटं. मूल झाल्यावर या खर्चाला किती कात्री लागली ते पाहा. समजा, पूर्वी यावर 1,000 जात होते, आता 700. मिळकत किती वाढली तर हे परत 1,000 होतील? समजा, 24,000 झाल्यावर. मग मुलाचा खर्च 4,000.

घर तेच, मूल तेच. एक तराजू 6,000 सांगतो, दुसरा 4,000. ॲंगस डीटन आणि जॉन मुएलबावर यांनी 1986 मध्ये श्रीलंका आणि इंडोनेशियातल्या घरांच्या हिशेबांवरून दाखवलं की पहिली पद्धत चढा आकडा देते आणि दुसरी उतरता. खरा खर्च बहुधा दोहोंच्या मध्ये असतो. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलेल्या याच डीटन यांनी शंकर सुब्रमण्यन यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या घरांचे 1983 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतले हिशेब अशाच नजरेने तपासले. आपल्या आजोबांची चंची केंब्रिजच्या त्या टिपणाच्या तराजूत जाऊन बसली.

रोटबार्टचा विचार मला पुन्हा पुन्हा आठवतो. मुलाला किती लागतं याचा माग त्याने आई-बापांनी काय सोडलं यात काढला. बापाने सोडलेलं पान, आईने पुढच्या दिवाळीवर टाकलेली साडी. हे सोडणं हुकमावाचून, रोजच्या रोज, घर एक असताना चाललेलं असतं. पोटगीचा कायदा घर तुटल्यावर एवढंच करू पाहतो की ते सोडणं थांबू नये. घर एक राहिलं असतं तर या मुलाचा आई-बापांच्या राहणीत जो वाटा असता, तो त्याच्यापर्यंत पोचत राहावा. म्हणून मी ‘पोटगी’ऐवजी मनात ‘वाटा’ म्हणतो.

हे मोजमाप काही देशांनी थेट कायद्यात उतरवलं. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने 1980 च्या दशकात सरळ टक्केवारी बांधली. वेगळ्या राहणाऱ्या पालकाच्या मिळकतीचे एका मुलासाठी 17 टक्के, दोन मुलांसाठी 25, तिघांसाठी 29. दोन मुलांचे 34 का नाहीत? थोरल्याचा स्वेटर धाकट्याला येतो, एकच खोली दोघांना पुरते, म्हणून. तिकडच्या बहुतेक राज्यांची रीत मात्र वेगळी आहे. आई आणि वडील दोघांची मिळकत एकत्र मांडायची, एवढ्या मिळकतीचं एकसंध घर मुलावर किती खर्च करतं ते कोष्टकात पाहायचं, आणि तो खर्च दोघांच्या मिळकतीच्या प्रमाणात वाटायचा. त्या कोष्टकांपैकी कित्येकांच्या मुळाशी रोटबार्टचीच पद्धत आहे. न्यू जर्सीतलं एखादं मराठी जोडपं वेगळं झालं तर त्यांच्या मुलाचा वाटा याच रीतीने ठरतो. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयांनी 1962 पासून एक तक्ता ठेवला आहे. एका बाजूला मिळकत, दुसऱ्या बाजूला मुलाचं वय. तो कायदा नाही, तरी देशभरातली न्यायालयं तो समोर ठेवतात.

ब्रिटनमधली एक गोष्ट तर वाचता वाचता मला उठून कुणाला तरी सांगावीशी वाटली. तिथे मूल वेगळ्या राहणाऱ्या पालकाकडे किती रात्री झोपतं ते मोजतात. वर्षाला 52 ते 103 रात्री असतील तर रकमेतून एक सप्तमांश कमी. 104 ते 155 असतील तर दोन सप्तमांश. 156 ते 174 असतील तर तीन. सप्तमांशच का? आठवड्याला सात रात्री, आणि वर्षात 52 आठवडे. आठवड्यातून एक रात्र मूल बाबांकडे झोपलं, तर त्या रात्रीचं जेवण, अंथरूण आणि सकाळचं दूध बाबांनी स्वतःच दिलं. तेवढा सातवा हिस्सा त्यांचा वळता झाला. गादीवरच्या झोपेचं असं अंकगणित होऊ शकतं, हे आधी मनातही आलं नव्हतं.

आपल्याकडे असं सूत्र नाही. टक्केवारी नाही, तक्ता नाही, रात्रींची मोजणी नाही. न्यायाधीश दोघांची मिळकत, राहणी, मुलाच्या गरजा आणि इतर जबाबदाऱ्या पाहून आकडा ठरवतात. त्यामुळे प्रत्येक घराला त्याच्या मापाचा न्याय मिळू शकतो, हे खरं. पण दोन सारख्या घरांतल्या मुलांना दोन वेगळे आकडे मिळतात, हेही तितकंच खरं. मला वाटतं, ड्युसेलडॉर्फसारखा एखादा मार्गदर्शक तक्ता महाराष्ट्रात असता तर निम्मी भांडणं कोर्टाच्या पायरीवर येण्याआधीच मिटली असती. समोरच्याने सांगितलेला आकडा खोटा वाटतो, म्हणूनच माणसं चिडतात.

सूत्र नसलं तरी तत्त्व आपल्याकडे आहे. 2000 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक जोडपं होतं. दोघंही नोकरीत, वडिलांचा पगार आईच्या साधारण दुप्पट. न्यायालयाने प्रत्येक मुलासाठी महिना 3,000 रुपये ठरवले आणि सांगितलं की वडिलांनी दोन हिस्से द्यावेत, आईने एक. दोनास एक. अमेरिकेतल्या राज्यांनी कोष्टकं घालून जे केलं, तेच इथे एका ओळीत झालं. मुलाचा निर्वाह ही दोघांचीही जबाबदारी आहे; 1956 च्या कायद्यातही आई आणि वडील दोघांचा उल्लेख आहे. ज्याच्याकडे जास्त, त्याने जास्त.

पण ‘ज्याच्याकडे जास्त’ हे ठरवायचं कसं? इथेच सगळं अडत होतं. पोटगीचा अर्ज आला की एकाची मिळकत एकाएकी आटायची आणि दुसऱ्याच्या गरजा एकाएकी वाढायच्या. नागपूरच्या प्रकरणावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालाने यावर उपाय केला: दोघांनीही आपली मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यायचं, तेही ठरलेल्या नमुन्यात. खोटं लिहिलं तर कारवाई. नमुने तीन आहेत. एक नोकरी-व्यवसाय करणाऱ्यांसाठी. दुसरा शेतीवर जगणाऱ्यांसाठी. त्यात जमीन बागायत की जिरायत, पिकं कोणती, गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या किती, त्यांचं उत्पन्न किती, असे प्रश्न आहेत. तिसरा फक्त मेघालयासाठी, जिथे खासी आणि गारो समाजांत वंश आईच्या बाजूने चालतो. एका देशातल्या मुलांसाठी तीन प्रश्नपत्रिका. गोठ्यातल्या म्हशीच्या दुधातही मुलाचा वाटा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने परिशिष्ट जोडून लिहावं, याचं मला अप्रूप आहे.

त्याच निकालातली दुसरी गोष्ट तारखेची. पोटगी कधीपासून मोजायची, अर्ज केल्यापासून की हुकूम झाल्यापासून? देशात दोन्ही रिती चालू होत्या. नागपूरच्या प्रकरणात अर्ज 2013 च्या सप्टेंबरात झाला आणि हुकूम 2015 च्या ऑगस्टात. मधल्या चोवीस महिन्यांचे, महिना 5,000 या दराने, मुलाचे 1,20,000 रुपये होतात. हुकमाच्या तारखेपासून मोजलं असतं तर ते कुठेच नसते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: अर्जाच्या तारखेपासून. कायद्यात अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस पोचल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात तसं क्वचित होतं, आणि न्यायालयाने त्यासाठी चार ते सहा महिने ही मुदत सांगितली. कामकाज कितीही रेंगाळलं तरी मुलाचं घड्याळ अर्ज दाखल झाला त्या दिवशीच सुरू होतं.

हुकूम होऊनही पैसे आले नाहीत तर वसुलीचं वॉरंट निघतं. तरीही दिले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. अनेकांना वाटतं, तुरुंगात जाऊन आलं की हिशेब फिटला. तसं नाही. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कैद हा पैसे वसूल करण्याचा मार्ग आहे, पैसे फेडण्याचा नव्हे. आत जाऊन आलेल्या बापाच्या डोक्यावर थकबाकी तशीच राहते. अट एक आहे: वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायला हवा. ‘देईल, देईल’ म्हणत थांबलेल्या कित्येक आयांना ही अट उशिरा कळते.

हे सगळं भांडून मिळवण्यापेक्षा बसून ठरवता आलं तर फार बरं. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने न्यायाधीशांवरच समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत 1989 पासून विवाह समुपदेशक हे काम करत आले आहेत. तिथे बसणाऱ्या जोडप्यांना दोन वाक्यांनी सर्वांत जास्त अडवलं आहे. ‘ती भेटू देत नाही, मग मी पैसे का देऊ?’ आणि ‘तो पैसे देत नाही, मग मी भेटू का देऊ?’ कायद्यात या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. भेट हीसुद्धा मुलाची आहे आणि पैसाही मुलाचा. एक अडलं म्हणून दुसरं अडवलं, तर दोन्ही वेळा रिकाम्या हाताने उभं राहतं ते मूलच.

तडजोड लिहिताना आकडा एकच लिहू नका. नागपूरच्या हुकमाने जे केलं ते तुम्हीही करा: मूल वाढणार हे आजच लिहून ठेवा. दरवर्षी किती वाढ, महिन्याच्या कोणत्या तारखेला कोणत्या खात्यात, शाळेची फी थेट शाळेत कोण भरणार, दवाखान्याचा मोठा खर्च कसा वाटायचा, सुट्टीत मूल आजोळी किंवा दुसऱ्या पालकाकडे गेलं तर प्रवासाचे पैसे कुणाचे. नोकरी गेली किंवा पगार वाढला तर रक्कम बदलून मागण्याची सोय कायद्यात आहे. हुकूम दगडावरची रेघ नाही. आणि एक फार मोठी चूक टाळा. फारकतीच्या घाईत ‘मला काही नको, मुलासाठीही काही नको, फक्त मोकळं करा’ असं लिहून देणाऱ्या आया असतात. आईला स्वतःचा हक्क सोडता येतो. मुलाचा हक्क सोडण्याचा अधिकार तिच्याकडे नाही, कारण तो तिचा नाहीच. 1997 च्या त्या निकालात म्हटलं तसं, तो मुलाच्या स्वतःच्या पायावर उभा आहे. अशी सही झाली असली तरी मुलासाठी पुन्हा न्यायालयात जाता येतं.

मुलाची पोटगी साधारणपणे ते अठरा वर्षांचं होईपर्यंत असते, पण शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलासाठी ही मर्यादा नाही. 1956 च्या कायद्याखाली अविवाहित मुलगी, तिची स्वतःची मिळकत नसेल तर, अठरानंतरही निर्वाह मागू शकते.

हे वाचणाऱ्यांत कुणी आई किंवा वडील असतील, मूल ज्यांच्यापाशी आहे आणि दुसरीकडून वाटा येत नाही, त्यांना माझं एकच सांगणं आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली प्रत्येक स्त्रीला आणि प्रत्येक मुलाला, मिळकत कितीही असो, वकील मोफत मिळतो. जवळच्या न्यायालयाच्या इमारतीत तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय विचारा. जाताना मुलाचा जन्मदाखला, शाळेच्या फीच्या पावत्या आणि दवाखान्याची बिलं घेऊन जा. मोजणी अर्ज दाखल होईल त्या तारखेपासून सुरू होते, तेव्हा याच आठवड्यात जा.